मदरबोर्ड बदलण्याआधी

आमच्या गावातल्या वाचनालयाचा संगणक भर पावसाळ्यात रोज सकाळी तारीख विसरू लागला. काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ असा संदेश यायचा. एफ-वन दाबलं की यंत्र चालू व्हायचं, पण घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असायचं. देवघेवीच्या नोंदी त्याच तारखेवर चालतात, त्यामुळे कोणतं पुस्तक कधी परत यायचं याचा पत्ता लागेना. इंटरनेटही अडलं, कारण संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांना मुदत असते आणि तारीख त्या मुदतीत बसली नाही की ब्राउझर साइट उघडू देत नाही.

मग एके दिवशी विंडोज चालूच होईना. नुसता निळा पडदा. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांचं निदान होतं, हार्डडिस्क गेली, मदरबोर्डही जायच्या बेतात. फॉरमॅट मारून बघू. मी समितीवर असल्याने तिथेच होतो. आमची सगळी दाखल नोंदवही त्या डिस्कवर होती. मी फॉरमॅट करू दिलं नाही.

डिस्क ठणठणीत होती. बायॉसच्या सेटिंग मूळपदावर गेल्या होत्या आणि त्यात डिस्कशी बोलण्याची पद्धत ‘एएचसीआय’वरून दुसऱ्या प्रकारावर सरकली होती. विंडोज एका पद्धतीत बसवलेलं, बोर्ड दुसरीत चाललेला. मग त्याला स्वतःचीच डिस्क ओळखू येत नाही. ती सेटिंग पुन्हा एएचसीआय केली आणि विंडोज चालू झालं. एवढ्यासाठी पूर्ण डेटा पुसला गेला असता, या विचाराने आजही मला अस्वस्थ व्हायला होतं.

सेटिंग जात का होत्या? मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, दाब ३ व्होल्ट. घड्याळ आणि जुन्या बोर्डांवर सेटिंगही तोच जपतो. मात्र संगणक बंद असला तरी पिन सॉकेटमध्ये आणि बटण चालू असेल, तर पॉवर सप्लायमधून थोडी वीज येत राहते आणि सेलवर भार पडत नाही. कोकणात विजा कडाडू लागल्या की आम्ही पिन काढूनच ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण मग रात्रभर सगळा भार सेलवर.

म्हणून पहिली परीक्षा फुकटची आहे. पाऊस-वीज नसलेल्या एखाद्या रात्री संगणक बंद करा, पण पिन तशीच ठेवा, बटण चालू ठेवा. सकाळी तारीख बरोबर असेल आणि पिन काढलेल्या रात्रीनंतर चुकत असेल, तर दोष सेलमध्ये किंवा त्याच्या आसपास आहे. घड्याळ अचूक आणि फक्त रॅमच्या वेगाची सेटिंग उडाली असेल, तर सेलला दोष देऊ नका. वाढवलेला वेग रॅमला झेपला नाही की बोर्ड आपणहून मूळ सेटिंगवर येतो.

आमच्याकडे नवा सेल घालूनही तारीख गेली, आणि इथेच बहुतेक लोक बोर्ड बदलायला निघतात. सेल बाहेर काढून मल्टिमीटरने मोजला तर ३ व्होल्टच्या वर. मग खोबणीतली पत्ती पाहिली. दमट हवेने ती काळवंडली होती आणि दबून सेलला नीट टेकत नव्हती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ती हलकेच वर उचलली, आणि दुखणं संपलं. याच वेळी सेटिंग पुसण्याचा जंपर चुकीच्या पिनांवर राहिलेला नाही ना, हेही बोर्डच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा.

सेल बदलताना पिन काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. अधिक खुणेची बाजू बहुतेक बोर्डांवर वर असते. जुना कसा बसला होता ते आधी पाहून ठेवा. सीआर २०२५ तेवढ्याच रुंदीचा पण पातळ असतो, तो सैल बसतो. चार्ज होणारा एलआयआर २०३२ मुळीच घालू नका.

माझी आग्रहाची विनंती आहे की सगळं सुरळीत असताना बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून वेगळी ठेवा. सेटिंग बदलल्या की विंडोज ती मागू शकतं.

आणि काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. त्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा, नंतर ई-कचऱ्यात द्या. लहान मुलाने असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते; अशा वेळी घरी वाट न पाहता थेट मोठं रुग्णालय गाठा.