हिवाळ्यातील बिनबोलावलेले पाहुणे

मार्गशीर्ष लागला, की धाडच्या परिसरात गार वारे वाहू लागतात. धाड हे बुलढाणा तालुक्यातील, मराठवाड्याच्या सीमेलगतचे गाव. पहाटे अंगणात शेकोटी पेटते, लहानथोर तिच्याभोवती गोळा होतात आणि रात्री माळ्यावरच्या गोधड्या खाली उतरतात. खरिपाचे धान्य कोठीत आलेले असते. घराच्या एका खोलीत कापसाचा ढीग असतो. घर असे भरलेले आणि उबदार असताना त्या उबेला काही बिनबोलावलेले पाहुणेही येऊन राहतात. चुलीमागच्या भेगेत झुरळे, बाजेच्या सांध्यांत ढेकूण आणि ज्वारीच्या दाण्यांत सोंडे आपला मुक्काम ठोकतात.

थंडीने किडे मरतात, असा पुष्कळांचा समज असतो. तो आपल्या प्रदेशापुरता तरी खरा नाही. माणसाच्या शरीराची उष्णता हिवाळ्यात व उन्हाळ्यात जवळजवळ सारखीच राहते. कीटकाचे तसे नसते. हवा थंड झाली, की त्याचे शरीरही थंड होते; त्याची हालचाल मंदावते, भूक कमी होते, अंड्यांतून पिले बाहेर पडण्यास अधिक दिवस लागतात. परंतु मंदावणे म्हणजे मरणे नव्हे. ढेकूण थंडीने मरावेत, तर शून्याखाली सुमारे १८ अंश तापमानात ते चार दिवस राहावे लागतात. पाणी गोठण्याइतकीही थंडी जेथे पडत नाही, तेथे हिवाळा कीटकांना मारणार कसा? तो त्यांना केवळ उबदार फटींत एकत्र जमवतो. शत्रू मंदावलेला आहे, त्याची संख्या वेगाने वाढत नाही आणि तो कोठे दडला आहे हेही ठाऊक आहे. अशा वेळी त्याच्यावर चालून जाणे शहाणपणाचे असते.

परंतु चालून जाण्यापूर्वी शत्रूची राहणी जाणून घ्यावी लागते. ती न जाणल्यास केवढा अनर्थ ओढवतो, याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि लवकरच ती दूरवर पसरली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्या काळी घरे जंतुनाशक द्रावणांनी धुतली जात, भिंतींना चुना दिला जाई, सामान जाळले जाई. तरी रोग हटत नसे. रोग कोणाच्या पाठीवर बसून घरात येतो, हेच ठाऊक नव्हते.

१८९८ साली कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने ते कोडे उलगडले. उंदीर प्लेगने मेला, की त्याच्या अंगावरील पिसवा थंड पडलेले शरीर सोडून देतात आणि दुसरे उबदार शरीर शोधतात. जवळ माणूस असला, तर त्यालाच चावतात. सिमाँच्या म्हणण्यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. पुढे १९०५ नंतर मुंबईत झालेल्या प्रयोगांनी मात्र त्याचे म्हणणे खरे ठरवले. गावात उंदीर पडू लागताच गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहण्याची रीत खेड्यांतून होती. ती का उपयोगी पडे, हेही तेव्हा कळले. माणसे बाहेर पडत. उंदीर आणि पिसवा मागे राहत. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुंबईत प्लेगचा जोर थंडीच्या दिवसांत वाढू लागे आणि कडक उन्हाळा संपता संपता ओसरे. कारण फार उष्ण व कोरडी हवा पिसवांना सोसत नाही.

पुढे मनुष्याच्या हाती एक नवे शस्त्र आले. डीडीटी या रसायनाने कीटक मरतात, हे पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने १९३९ साली शोधून काढले; १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५३ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि खेडोपाडी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारली जाऊ लागली. हिवतापाचे रोगी झपाट्याने कमी झाले. घरातले ढेकूणही प्रथम पटापट मेले. परंतु जे थोडे ढेकूण त्या विषाला पुरून उरले, त्यांचीच संतती वाढली आणि काही वर्षांतच त्यांच्यावर डीडीटीचा परिणाम होईनासा झाला. विषाची सवय शत्रूला झाली. घरातल्या माणसांना मात्र ती होत नाही.

मग उपाय कोणता? ढेकणाचेच पाहा. त्याचे शरीर चपटे असते, म्हणून तो बारीक फटीत शिरतो. रक्त हेच त्याचे अन्न. अंड्यातून निघाल्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत तो पाच वेळा कात टाकतो आणि प्रत्येक वेळी त्याला रक्त प्यावे लागते. उपाशीही तो कित्येक महिने जगू शकतो. परंतु सुमारे ५० अंश उष्णतेत तो व त्याची अंडी थोड्याच वेळात मरतात. म्हणून बाज अंगणात आडवी करून तिच्या सांध्यांत मोठ्या माणसांनी कढत पाणी ओतावे. गोधडी उन्हात घालावी. पण नुसत्या उन्हावर विसंबू नये. ऊन लागताच ढेकूण सावलीच्या बाजूस सरकतो. यास्तव ती वारंवार उलटावी, काठीने झोडपावी आणि शक्य तर कडकडीत पाण्यात भिजवून धुवावी. भिंतीच्या भेगा लिंपून टाकल्या, की त्याचा आसराच जातो.

सोंड्याची रीत निराळी. त्याची मादी दाण्याला छिद्र पाडून आत अंडे घालते आणि छिद्र बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा खाते. बाहेरून काहीच दिसत नाही. परंतु त्याला दाण्यात ओलावा हवा असतो. दाताखाली धरताच कट्‌कन फुटेल इतके धान्य वाळवले, तर त्याची वाढ खुंटते. म्हणूनच धान्य उन्हात वाळवून, निववून, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासह कोठीत भरण्याची जुनी चाल आहे. झुरळाला रात्री सांडलेले अन्न व ओलावा लागतो. जेवणानंतर चूल व मोरी स्वच्छ व कोरडी ठेवली, तर ते उपाशी राहते.

कापसाची गोष्ट अधिक अवघड आहे. भाव वाढेल या आशेने शेतकरी कापूस घरात ठेवतो. तो फार दिवस राहिला, की त्यातील बारीक किडींमुळे माणसांच्या अंगाला खाज सुटते. अशा वेळी शेतात फवारायचे औषध घरात फवारण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. कापूस निराळ्या खोलीत ठेवावा, त्यावर मुलांनी खेळू अथवा झोपू नये आणि त्याला हात लावल्यावर अंग धुवावे. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर त्याहून घातक. हवेतील ओलाव्याने त्यांतून विषारी वायू निघतो आणि बंद घरात झोपलेल्यांचा जीव जातो. किडा मारण्याच्या भरात घरातले माणूस गमावणे, याला शहाणपण म्हणत नाहीत.

ऊन, कढत पाणी, कोरडेपणा आणि केरसुणी ही शस्त्रे धाडच्या प्रत्येक घरी आहेत. ती कोणावर, कोठे आणि केव्हा चालवावी, हे ज्ञान मात्र मिळवावे लागते. ज्याला किड्याची राहणी कळली, त्याने अर्धी लढाई जिंकली. उरलेली अर्धी रोजच्या स्वच्छतेने जिंकता येते.

शब्दार्थ : संतती – पिलावळ, यास्तव – म्हणून, आसरा – निवारा, अनर्थ – मोठे संकट.

स्वाध्याय
१. आपल्या प्रदेशात थंडीने कीटक का मरत नाहीत?
२. प्लेगच्या काळी गाव सोडून शेतात राहणे उपयोगी का पडे?
३. ‘विषाची सवय शत्रूला झाली, घरातल्या माणसांना मात्र ती होत नाही’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या घरी धान्य कसे साठवतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.