उद्घाटनानंतर जा

मुंबईत नवा चित्रकार शोधायचा असेल तर उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नका. त्या दिवशी चित्रांपुढे माणसांच्या पाठी असतात आणि चित्रकार प्रमुख पाहुण्यांभोवती अडकलेला असतो. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनातलं प्रदर्शन साधारण मंगळवारी लागतं आणि सोमवारी उतरतं. मी गुरुवारी-शुक्रवारी दुपारी जाते. दालनात चार माणसं असतात, कोपऱ्यातल्या खुर्चीवर चित्रकार एकटा बसलेला असतो, शेजारी अभिप्रायाची वही. ‘हे कसं केलंत?’ एवढं विचारलं की अर्धा तास कसा गेला ते कळत नाही. माझी सगळी नोकरी फोर्टात झाली, काळा घोडा ऑफिसपासून चालत जाण्याइतका जवळ. त्या दुपारच्या फेऱ्यांमधून जे शिकले आणि डोळ्यांसमोर जे बिघडताना पाहिलं, ते इथे लिहिते आहे.

एका चित्रावर भुलू नये, हे सगळ्यात आधी सांगेन. भिंतीवरचं आवडलं तर गेल्या वर्षीचं काम दाखवायला सांगा, स्केचबुक मागा. वहीत माणूस सापडतो. लोकलच्या डब्यात झोपलेली माणसं, आजीचे हात, चाळीचा जिना चारचारदा काढलेला दिसला की समजावं, हा थांबणार नाही. पुष्कळ तरुण मुलं आपल्या शिक्षकाच्या किंवा एखाद्या गाजलेल्या चित्रकाराच्या शैलीत हुबेहूब काम करतात, आणि विकलंही तेच जातं. त्यांना दोष नाही. पण घाईने निवाडा न करता पुढचं प्रदर्शन पाहून ठरवावं.

जहांगीर १९५२ साली उभं राहिलं. तिथली तारीख मिळायला वर्षं जातात, त्यामुळे भिंतीवर ज्याचं काम लागलंय तो बहुतेकदा अगदी नवा नसतो. नवे पाहायचे तर सीएसएमटीसमोरच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जा. १८५७ पासूनची ही संस्था; तिचं वार्षिक प्रदर्शन साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असतं आणि सगळ्यांना खुलं असतं. विद्यार्थी आपल्या कामाशेजारी उभे असतात. राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभागही चुकवू नये. काळा घोड्याच्याच अडोर हाउसमध्ये आर्टिस्ट्स सेंटर आहे. चित्रकार के. एच. आरांनी आयुष्याची कितीतरी वर्षं त्या जागेसाठी वेचली. हेच आरा एकेकाळी लोकांच्या गाड्या धुवत. रुडॉल्फ फॉन लायडेन यांच्यासारख्या समीक्षकांनी त्यांची चित्रं पाहिली, बळ दिलं, आणि पुढे १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आरा सूझा-रझा-हुसेन यांच्या बरोबरीने उभे राहिले.

त्याच काळातली केकू गांधींची गोष्ट मला फार मोलाची वाटते. ते फ्रेमच्या धंद्यात होते आणि दुकानाच्या काचेत या तरुणांची चित्रं लावत. गॅलरी केमोल्ड तिथूनच पुढे उभी राहिली. म्हणून मी आजही फ्रेमवाल्यांशी बोलते. कोण सातत्याने काम करतंय, कोणाचा कागद बरा झाला, कोणी पैशाअभावी फ्रेम अर्धवट ठेवली आहे, हे त्यांना सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं.

आता जपायची गोष्ट. माझ्या ओळखीची एक मुलगी सोलापूरकडून आली, डोंबिवलीत मैत्रिणींबरोबर राहून चित्रं काढत होती. तिला मोबाइलवर निरोप आला: आंतरराष्ट्रीय समूह प्रदर्शनासाठी तुमची निवड झाली आहे. शुल्क प्रत्येक चित्रामागे. फ्रेम तिची, टेम्पो तिचा. मी पाहायला गेले तर उपनगरातला एक हॉल, चित्रं एकावर एक तीन ओळींत टांगलेली, वर ट्यूबलाइट. आलेले सगळे चित्रकारांचे नातेवाईक. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला सन्मानचिन्ह आणि प्रमाणपत्र मिळालं, ‘कलारत्न’ वगैरे. प्रत्येकाला! तिचे तीन महिन्यांचे रंगाचे पैसे त्यात गेले. घरी परतताना ती एक शब्द बोलली नाही.

यातली मेख अशी, की आयोजकाची कमाई चित्रकारांच्या खिशातून आधीच झालेली होती. रसिक आला काय, न आला काय, त्याचं काही अडत नव्हतं. भाडं किंवा प्रवेशशुल्क घेणं वाईट नाही. जहांगीरलाही भाडं आहे. पण जिथे निवड होते तिथे नकारही मिळतो. म्हणून कोणी तरुण सल्ला विचारायला आला तर मी त्याला एवढंच विचारायला लावते: परीक्षक कोण, किती जणांना नाकारलं, चित्र विकायची जबाबदारी कोणाची? उत्तर गोलमोल आलं तर पैसे भरू नयेत. आणि आपण शोधणाऱ्यांनीही प्रमाणपत्रांची यादी बघून कोणाला मोठं ठरवू नये. ती यादी विकत मिळते.

संगीतातही हाच प्रकार वेगळ्या वेषात असतो. ‘पैसे देता येणार नाहीत, पण लोक ऐकतील,’ असं सांगून कॅफेवाला गिटारवाल्या मुलांकडून तीन तास गाऊन घेतो आणि कॉफीचं बिल पुरतं लावतो. काही ठिकाणी तर बँडनेच तिकिटं खपवायची असतात. आपण श्रोते म्हणून दारात विचारू शकतो: तिकिटातलं कलाकाराला काय मिळतं? मी विचारते. प्रामाणिक जागा मोकळेपणाने सांगतात. या शहरात मंच टिकत नाहीत. धोबी तलावच्या रंगभवनमधल्या मैफिली शांतता क्षेत्राच्या नियमाने थांबल्या, २००७ साली लोअर परळला उघडलेलं ब्लू फ्रॉग २०१६ मध्ये बंद झालं. त्यामुळे चालू असलेल्या छोट्या जागांना तिकीट काढून जाणं फार गरजेचं आहे. पाहुण्यांच्या यादीत नाव घालून घेऊ नका.

शास्त्रीय संगीतासाठी दादर-माटुंगा कल्चरल सेंटरसारख्या जागांचे तरुण कलाकारांचे कार्यक्रम पाहा. पहिल्या रांगेत बसा. रॅपसाठी धारावी, कुर्ला, आरेच्या बाजूची पोरं ऐका. स्वदेशी या समूहाने आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन २०१९ मध्ये वारली आदिवासींच्या लढ्यावर गाणं केलं. अशा मुलांपुढे कोणी करारनामा ठेवला, तर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवायला सांगावं. कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. म्हणून समोरचा ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द मुद्दाम घालतो. त्या दोन शब्दांवर बोट ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा राखून दिला आहे, हे वीस वर्षांच्या मुलाला कोणी सांगितलेलंच नसतं.

डिझायनर शोधायला मात्र लोक फॅशनच्या रॅम्पकडे धावतात. मी एकांकिकांना जाते. चतुरंग संस्थेची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि प्रजासत्ताक दिन उजाडेपर्यंत चालते. सगळ्यांचं लक्ष अभिनयाकडे असतं. तुम्ही नेपथ्य आणि प्रकाशयोजना कोणाची ते लिहून घ्या. दोन लेव्हल, एक दोरी आणि चार स्पॉट एवढ्यावर घर, विहीर, फलाट उभा करणारी मुलं तिथे असतात. पवईला आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन शाळेचं पदवी प्रदर्शनही बघण्यासारखं असतं: अक्षरं, खेळणी, खुर्च्या, सगळं विद्यार्थ्यांच्या हातचं.

इथे एक काळजी घ्यावी लागते. एखाद्या मुलीने घरच्या वर्कशॉपमध्ये विश्वासाने नवा दिवा दाखवला, तर न विचारता त्याचा फोटो टाकू नका. डिझाइनची नोंदणी व्हायला ते नवं आणि आधी प्रसिद्ध न झालेलं असावं लागतं. नोंदणी न करता औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त नग काढले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइटही जातो. आपण कौतुकाने केलेली पोस्ट एखाद्या नकल्याच्या हाती लागते आणि महिन्याभरात तोच दिवा बाजारात दिसतो. हे घडताना मी पाहिलं आहे. त्या मुलीकडे स्वतःचा म्हणून दाखवायला कागद नव्हता.

चित्र घेताना घासाघीस करू नका. परवडत नसेल तर छोटा कागद घ्या, प्रिंट घ्या. पावती मागा आणि तिच्यावर शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष आणि सही असू द्या. चित्रकाराच्या उमेदीच्या काळातली हीच पावती उद्या चित्राचा पुरावा असते. तयार चित्र विकत घेतलं म्हणून ते कॅलेंडरवर छापायचा हक्क आपल्याला मिळत नाही. तो चित्रकाराकडेच राहतो. ऑफिसच्या डायरीसाठी, लग्नपत्रिकेसाठी हवं असेल तर वेगळं विचारा, वेगळे पैसे द्या. हप्त्यांनी देणार असाल तर तारखा त्याच पावतीवर लिहा आणि पहिला हप्ता तिथेच उभ्या उभ्या द्या, कारण दालनाचं भाडं त्याने आधीच भरलेलं असतं.