आधी कातळ, मग खरेदी

पुण्यात प्रस्तरारोहण शिकायला लागले तेव्हापासून ओळखीतली मुलंमुली एकच प्रश्न घेऊन येतात : "ताई, सामान काय काय घेऊ?" फोनवर यादी तयार असते आणि पगारही नुकताच झालेला असतो. मी अजून शिकतेच आहे. माझ्याहून कितीतरी जाणती माणसं या डोंगरांत आहेत. पण नवखेपणातल्या अडचणी माझ्यासाठी अजून ताज्या आहेत, म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कुठल्या दगडावर चढणार ते आधी ठरवा. काय विकत घ्यायचं ते तो दगडच सांगतो.

१. आपला दगड समजून घ्या.

सह्याद्री बसाल्टचा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. त्यातला कठीण थर कडा होऊन उभा राहतो, मधला मऊ थर झिजतो आणि त्यावर गवत नि मुरूम साठतो. म्हणून आपल्याकडची चढाई बहुधा अशी असते : वीस-तीस फूट सुरेख कातळ, मग घसाऱ्याचा गवताळ पट्टा, मग पुन्हा कातळ. आपण व्हिडिओ पाहतो ते अखंड ग्रॅनाइटच्या भिंतींचे. तिथला माणूस हाताला लागलेल्या पकडीवर निर्धास्त लोंबकळतो. इथे तसं करून चालत नाही.

आमच्या क्लबातले एक ज्येष्ठ दादा कुठल्याही पकडीवर भार टाकण्याआधी तिच्यावर मुठीने दोनदा ठोकतात आणि कान देऊन ऐकतात. भरीव दगड टणक वाजतो. आतून सुटलेला दगड बद्द वाजतो आणि हाताला बारीकशी थरथर जाणवते. "बद्द वाजला की त्याला नमस्कार करायचा आणि दुसरी पकड शोधायची," असं ते सांगतात. दुसरी पकड नसलीच, तर त्या दगडाला बाहेर ओढायचं नाही, खालच्या दिशेने दाबायचं. हे एवढं शिकायला मला एक अख्खा हिवाळा लागला आणि त्यासाठी एक रुपयाचंही सामान लागलं नाही.

बसाल्ट ओळखीचा झाला की बदामीला जा, हंपीला जा. बदामीचा लालसर वालुकाश्म आणि हंपीचा खरखरीत ग्रॅनाइट बोटांना वेगळंच काही शिकवतात. हंपीत तर दुसऱ्या दिवशी बोटांची कातडी शिल्लक राहिली तर नशीब.

२. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जा.

सुरुवातीला दर रविवारी नवा सुळका करावासा वाटतो. फोटो छान येतात, पण चढाई सुधारत नाही. मुंबईकरांना मुंब्र्याचे कातळ आणि बेलापूरचे बोल्डर जवळ आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही कातळ आहे, तिथे जाताना परवानगीचं आधी पाहावं. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगचा विश्वचषक टप्पा झाला. 'गिरिविहार'सारख्या जुन्या संस्थेने तो भरवला. यामागे कित्येक वर्षं तेच ते दगड झिजवणारी माणसं होती.

एका दगडाची सवय झाली की त्याचं वेळापत्रक कळतं. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत सकाळी सावलीत असते आणि दुपारी तव्यासारखी तापते. ऑक्टोबरात कडा कोरडा दिसला तरी कपारींतून पाणी झिरपत असतं. पावसाळ्यात सुटलेले दगड अजून कुणाच्या हाताने खाली आलेले नसतात, त्यामुळे हंगामातली पहिली चढाई नेहमी जाणत्यांच्या मागून करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा काळ.

३. गावात विचारल्याशिवाय कड्याला हात लावू नका.

तैलबैल्याच्या दोन जुळ्या भिंती पाहिल्या की कुणाचेही हात शिवशिवतात. भूशास्त्राच्या दृष्टीने ती डाइक आहे, म्हणजे भेगेत शिरून थिजलेला लाव्हा. आजूबाजूचा मऊ दगड गेला आणि भिंत उभी राहिली. आम्ही पायथ्याच्या गावात चहाला थांबलो होतो. तिथल्या एका मामांना विचारलं, "यंदा कड्याला मोहोळ आहे का?"

"हाय की. डाव्या अंगाला तीन पोळी बसल्यात. तुम्ही उजवीकडनं जावा, आन् वर शेकोटी करू नका."

आग्या मोहोळाच्या माश्या कड्यांच्या छताखालीच पोळी लावतात. एक माशी चावली की तिच्या दंशातून सुटणाऱ्या वासाने बाकीच्या चवताळतात. जमिनीवरचा माणूस निदान पळू शकतो. दोरावर लटकलेला माणूस कुठे पळणार? धूर, अत्तर, डिओ आणि आरडाओरडा टाळायचा हे सगळे सांगतात. पण यंदा पोळं नेमकं कुठे आहे हे फक्त गावकऱ्याला ठाऊक असतं. ही माहिती कुठल्याही नकाशावर नसते. कड्यावर देवाचं ठाणं असेल, ढाकच्या बहिरीसारखं, तर तिथले रीतिरिवाजही गावातच विचारावेत आणि पाळावेत.

४. पहिली खरेदी हेल्मेटची.

शूज नंतर घ्या. आपल्या डोंगरात पडणाऱ्या माणसाहून पडणारा दगड जास्त भेटतो. वरचा गडी, घासणारा दोर, माकडं, शेळ्या, कुणीही तो पाडतं. "दगड!" अशी हाक आली की वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं. म्हणून हेल्मेट कड्याच्या पायथ्याशी पोहोचण्याआधीच डोक्यावर हवं, हार्नेस घालताना नव्हे.

बाइकचं किंवा बांधकामावरचं हेल्मेट चालत नाही. बांधकामाच्या हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा थोड्या ओढीने सुटावा असाच बनवलेला असतो, म्हणजे ते कुठे अडकलं तर माणूस गुदमरू नये. गिर्यारोहणाच्या हेल्मेटचा पट्टा मात्र पडतानाही सुटता कामा नये. आतल्या बाजूला ईएन १२४९२ हा क्रमांक पाहून घ्या.

५. शूज दुकानात जाऊन, पायात घालून घ्या.

बोटं पुढे टेकलेली, किंचित दुमडलेली असावीत. दुखून डोळ्यांत पाणी यायला नको. नवख्यासाठी सपाट आणि जरा ताठ तळव्याचा जोड उत्तम, कारण बसाल्टवर पाय टेकायला बारीक कंगोरे मिळतात आणि ताठ तळवा त्यावर टिकतो. चोचीसारखे वाकलेले महागडे शूज ओव्हरहँगसाठी असतात. पायथ्यापर्यंतच्या चालीला भारी बूट लागत नाहीत. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकणाऱ्या कितीतरी जणांच्या पायांत अ‍ॅक्शनचे स्वस्तातले बूट दिसतात आणि ते घसाऱ्यावर छान धरतात.

६. कॅराबिनरवरचे आकडे वाचा.

कॅराबिनरच्या, म्हणजे दोर अडकवायच्या उघडझाप कडीच्या, अंगावर बारीक अक्षरांत तीन आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन किंवा जास्त, म्हणजे सुमारे दोन हजार किलोंचा भार. आडवा पडला तर सात-आठ. तोंड उघडं राहिलं तरी तेवढेच. तोंड उघडं राहिलेला किंवा आडवा फिरलेला कॅराबिनर आपली दोन तृतीयांश ताकद घालवून बसतो, हे त्या आकड्यांत स्वच्छ लिहिलेलं आहे. हार्नेस घेताना दुकानात त्यात दहा मिनिटं लटकून बघा. आम्हा बायकांना कमरेचा पट्टा हाडाच्या वर नीट बसतोय ना हे मुद्दाम तपासावं लागतं. बिलेचं, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायचं, उपकरण आपल्या क्लबात जे वापरतात तेच घ्या, म्हणजे शेजारचा माणूस तुमची चूक लगेच ओळखेल.

७. दोर सगळ्यात शेवटी.

यावर जरा सविस्तर सांगते, कारण गोंधळ इथेच होतो. नागफणीच्या कड्यावर रॅपलिंग करताना जो दोर सोडतात तो बहुधा स्टॅटिक. तो फार ताणला जात नाही, म्हणून उतरायला आणि झुमारिंगला, म्हणजे दोरावरूनच वर सरकायला, बरा. पण त्याच्यावर लीड चढाई, म्हणजे दोर बरोबर नेत सगळ्यांत पुढे चढणं, जिवावर बेतू शकतं. लीडला डायनॅमिक दोरच हवा. पडणाऱ्या माणसाचा झटका तो स्वतः ताणला जाऊन गिळतो. ईएन ८९२ या प्रमाणानुसार एकेरी दोराला ८० किलो वजनाची निदान पाच जबर पतनं झेलावी लागतात आणि पहिल्या पतनात झटका १२ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो.

झटका किती बसणार हे नुसत्या उंचीवर ठरत नाही. किती पडलात भागिले किती दोर सोडलेला होता, हा हिशेब असतो. बिले स्टेशनवरून एकही क्विकड्रॉ (दोर बोल्टला अडकवणारी कॅराबिनरांची जोडी) न लावता तीन मीटर वर गेलात आणि पडलात, तर सहा मीटर पडाल आणि झेलायला दोर फक्त तीन मीटर. भागाकार दोन, म्हणजे सगळ्यात वाईट. तेच सहा मीटर वीस मीटर दोरावर पडलात तर झटका पुष्कळ सौम्य. म्हणून स्टेशन सोडताच पहिला क्विकड्रॉ लवकर लावायचा.

६० मीटरचा नवा डायनॅमिक दोर घ्यायचा तर दहा हजारांच्या पुढेच जातो. पहिल्या वर्षी क्लबाचाच दोर वापरावा आणि तो जपायला शिकावं. चढाईनंतर आम्ही दोर पोत्यावर पसरतो आणि दोघी जणी तो वीतवीत बोटांमधून सरकवतो. कुठे चपटा लागतो का, मऊ पडलाय का, आवरणाची लव निघालीय का, हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. शंका आली तर तेवढा दोर बाद. घरी तो ओलसर ठेवू नका आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ तर मुळीच नको. तिच्या आम्लाने नायलॉन कुजतो आणि वरून काही दिसतही नाही. दोर, स्लिंग, हार्नेस हे कधीही वापरलेले विकत घेऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

८. लावलेला बोल्ट म्हणजे भरवशाचा बोल्ट नव्हे.

आपल्या सुळक्यांवर कित्येक वर्षांपूर्वी ठोकलेल्या मेखा आणि साध्या लोखंडाचे बोल्ट अजून आहेत. घाटमाथ्याचा पाऊस त्यांना आतून खातो. काही मंडळी पदरमोड करून ते काढून स्टेनलेस स्टीलचे बसवताहेत, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. गंजाचा ओघळ दिसला, हँगर हाताने फिरला, तर त्याच्यावर एकट्यावर जीव टाकू नका. आणि लेण्यांच्या, शिलालेखांच्या आसपास ड्रिल घेऊन जाऊच नका.

९. हिमालयाचं सामान आत्ता नको.

आइस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन, बर्फाचे बूट सह्याद्रीत कपाटात पडून राहतात. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स करा. तांत्रिक साहित्य तिथे मिळतं. महिनाभर ते वापरल्यावर आपल्याला काय लागतं ते कळेल.

१०. घरी लिहून ठेवून निघा.

कुठला कडा, कुठल्या बाजूने, बरोबर कोण, रात्री किती वाजेपर्यंत फोन येईल. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांची माणसं आपापले कामधंदे सोडून अडकलेल्यांना खाली आणतात. त्यांचा शोधण्यातला अर्धा वेळ या एका चिठ्ठीने वाचतो. त्या भागातल्या बचाव पथकाचा नंबर चिठ्ठीच्या खालीच लिहा, आणि निघण्याआधी ती घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा.