आई पडते, बाबा पडत नाहीत

प्रश्न : आई ६८ वर्षांची, बाबा ७२ चे. दोघांचा जन्म शेतात गेला. वर्षभरात आई दोनदा पडली, बाबा एकदाही नाही. बायकांचा तोल मुळातच कमी असतो का?
– एक वाचक, राहुरी

उत्तर : नाही. स्थिर उभं राहण्यात समवयस्क स्त्री-पुरुषांत फारसा फरक नसतो. फरक दिसतो ठेच लागल्यावर सावरताना. तेव्हा मांडीला झटकन जोर लावावा लागतो आणि बायकांच्या स्नायूंत तो सरासरीने कमी असतो. पाळी गेल्यावर हाडंही ठिसूळ होत जातात. मग साधं पडणं मनगटावर, खुब्यावर बेततं.

आईला ओट्याजवळ उभं करा, तुम्ही शेजारी थांबा आणि एक पाय उचलायला सांगा. १० सेकंद टिकत नसेल तर तोल कच्चा समजा. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, हेही विचारा. बीपीच्या गोळ्यांनी तसं होतं. मधुमेह असेल तर तळपायांना जमीन नीट कळत नाही. घासलेली चप्पल आणि पायात येणारा साडीचा घोळ आजच बघा.

बाबांचीही हीच चाचणी घ्या. पुरुष पडतात कमी, पण पडल्यावर दगावण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त आहे.

खुर्चीतून हात न टेकता उठबस, रोज दहा वेळा, दोघांनी करावी. सुरुवातीला कुणीतरी जवळ हवं. आणि दोनदा पडणं हे वयावर ढकलू नका. लोणीच्या किंवा विळद घाटातल्या रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय आहे. या आठवड्यातच आईला दाखवून आणा.