एकटीनं लिव्हरपूलला जाताना

बीटल्सच्या गावी जायचं मनात असेल तर विमानाच्या तिकिटापासून सुरुवात करू नका. सुरुवात दोन घरांपासून करा. जॉन लेनन जिथे मिमीमावशीकडे वाढला ते मेन्लव्ह अ‍ॅव्हेन्यूवरचं 'मेंडिप्स', आणि पॉल मॅकार्टनीचं २०, फोर्थलिन रोड. दोन्ही लिव्हरपूलच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत आहेत आणि दोन्ही नॅशनल ट्रस्ट सांभाळतो. मनात आलं म्हणून तिथे जाऊन बेल वाजवता येत नाही. जागा आधी राखून ट्रस्टच्या छोट्या बसनंच जावं लागतं. फेऱ्या आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच असतात, जागा मोजक्या असतात, आणि हिवाळ्यात दोन्ही घरं बंद असतात. नाताळच्या सुट्टीत हाती रजा असते म्हणून आपली माणसं तेव्हा निघतात आणि फाटकाबाहेर फोटो काढून परत येतात. इतक्या लांब जाऊन दारातून परतायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून मी आखणी उलटीकडून केली. आधी घरांची तारीख, मग पैसे परत मिळतील असं हॉटेल, मग व्हिसा, आणि पासपोर्ट हातात आल्यावर विमान. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंतच अर्ज करता येतो. निकालाला साधारण तीन आठवडे लागतात, गर्दीच्या दिवसांत अधिकही. बँकेचं स्टेटमेंट, प्राप्तिकराची विवरणपत्रं, नोकरीवरून रजा मंजूर झाल्याचं पत्र हे सगळं मागतातच. बाई एकटी जाते आहे म्हटल्यावर कारण काय लिहावं, असं पुष्कळजणी विचारतात. खरं कारण लिहा. मी लिहिलं होतं की बीटल्सची गाणी ऐकत मोठी झाले, त्यांचं गाव बघायला जाते आहे, आणि खाली दिवसागणिक कुठे असेन ते दिलं होतं.

तारीख पक्की करण्याआधी गावाचं कॅलेंडरही बघायला हवं. एप्रिलमध्ये शेजारच्या ऐन्ट्री रेसकोर्सवर ग्रँड नॅशनलच्या घोड्यांच्या शर्यती असतात. ऑगस्टच्या शेवटी 'बीटलवीक' भरतो. एरवीही लिव्हरपूल किंवा एव्हर्टनचा घरच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असला की त्या शनिवार-रविवारी हॉटेलांचे दर कुठच्या कुठे जातात. बीटलवीकला जायचंच असेल तर खुशाल जा, पण खोली कित्येक महिने आधी घ्या. मला गर्दी नको होती. मी मे महिना धरला, तोही आठवड्याच्या मधले दिवस.

इथवरचं कोणीही प्रवासी करील. एकट्या माणसाला याच्या पुढचंही करावं लागतं. दोघं असली की एकाचं पाकीट हरवलं तर दुसऱ्याचं असतं, एकाला ताप आला तर दुसरा औषध आणतो, एक घाबरला तर दुसरा म्हणतो, 'अगं, थांब, बघू.' एकटीच्या प्रवासात हा दुसरा माणूस नसतो. त्याचं काम आधीच करून ठेवलेल्या तयारीकडून करून घ्यायचं असतं. हे मी निघण्यापूर्वी मानत होते, पण त्याचा खरा अर्थ लंडनमध्ये कळला.

लिव्हरपूलला जायच्या आदल्या संध्याकाळी यूस्टन भागात फुटपाथच्या कडेला उभी राहून मी नकाशा बघत होते. मागून विजेच्या सायकलवर तोंड झाकलेला एकजण आला आणि हातातला फोन घेऊन गेला. आवाज नाही, धक्का नाही. हात रिकामा झाल्याचं कळेपर्यंत सायकल वळणापलीकडे गेली होती. लंडनमध्ये हे सर्रास चालतं. नकाशा बघायचा असेल तर दुकानाच्या आत जाऊन किंवा भिंतीला पाठ लावून बघा, रस्त्याच्या कडेला उभं राहून कधीच नाही.

पुढच्या तासाभरात काय तगलं आणि काय नाही, ते सांगते, कारण उपयोगाचं तेच आहे. भारतातलं सिम त्या फोनमध्ये नव्हतं. ते एका जुन्या फोनमध्ये घालून मी हॉटेलच्या खोलीत ठेवलं होतं, आणि हातातल्या फोनमध्ये तिकडचं ई-सिम होतं. त्यामुळे बँकेचे ओटीपी मला येत राहिले आणि चोराच्या हाती माझा नंबर लागला नाही. दुसरं कार्ड बॅगेत वेगळ्या कप्प्यात होतं. मात्र परदेशातला वापर दोन्ही कार्डांवर निघण्याआधीच चालू करून घेतलेला असावा. आपल्याकडे तो आपोआप चालू नसतो आणि तिथे रस्त्यावर उभं राहून बँकेच्या अ‍ॅपशी झगडणं नको. रेल्वेचं तिकीट, घरांचं आरक्षण आणि हॉटेलचा पत्ता कागदावर छापलेला होता. तिकडच्या रेल्वेत ई-तिकिटाची साध्या कागदावर छापलेली प्रत चालते.

तगलं नाही ते ई-मेल. हॉटेलच्या संगणकावरून ते उघडायला गेले तर खात्री करण्यासाठीचा कोड त्या चोरलेल्या फोनवरच जात होता. विम्याची पॉलिसी मेलमध्ये, आणि मेल बंद. गूगल अशा वेळेसाठी बॅकअप कोड देतं. ते निघण्याआधी कागदावर उतरवून पासपोर्टपासून वेगळे ठेवा. पोलिसांकडे तक्रार ऑनलाइन करता येते आणि तिचा क्रमांक विम्याच्या दाव्याला लागतो. त्यासाठी फोनचा आयएमईआय क्रमांकही लिहून ठेवलेला असावा. हातातून ओढून नेलेला फोन आपल्या विम्यात बसतो की नाही, ते पॉलिसी घेतानाच वाचा.

मला सगळ्यात जास्त सावरलं ते भाचीशी झालेल्या ठरावानं. रोज रात्री तिथल्या नऊला मी तिला ठाण्याला एक ओळ पाठवायची. उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो, म्हणजे तिचे दीड वाजलेले असायचे. ओळ आली नाही तर तासभर वाट बघून तिनं हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करायचा, घरात कोणालाही आधी घाबरवायचं नाही. त्या रात्री या धावपळीत ओळ राहिली आणि दहाला रिसेप्शनवरच्या मुलीनं मला खाली बोलावलं. "मावशी, ठीक आहेस ना? मग उद्याची गाडी चुकवू नकोस," भाची म्हणाली. पॉलिसीची प्रत तिच्याकडे होती. ती तिनं हॉटेलच्या ई-मेलवर पाठवली. तुमचा असा माणूस आधी ठरवा. पुष्कळ माया असलेला नव्हे, शांत डोक्याचा.

खरं सांगायचं तर त्या रात्री लिव्हरपूल नको, घरी जावं, असं वाटत होतं. एकटं असताना अशा क्षणी निर्णय घेऊ नये. रात्र जाऊ द्यावी, पोटात काही गरम ढकलावं, झोपावं. सकाळी यूस्टनहून गाडी पकडली आणि दोन-सव्वादोन तासांत लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्टेशनला उतरले.

लिव्हरपूलमध्ये घाई करू नका. बीटल्स जिथे वाजवायचे तो मॅथ्यू स्ट्रीटवरचा कॅव्हर्न क्लब आज मूळचा नाही. तो १९७३ मध्ये बंद होऊन पाडला गेला आणि १९८४ मध्ये जुन्या विटा वापरून बराचसा त्याच जागी पुन्हा उभा राहिला. हे कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. माझा नाही झाला. आजही तिथे रोज कोणी ना कोणी गातं. एकट्या बाईनं दुपारी जावं. शनिवारी रात्री त्या गल्लीत दारूची धमाल असते आणि गाण्याकडे कोणाचं लक्ष नसतं. वूल्टनचं सेंट पीटर्स चर्च मात्र चुकवू नका. ६ जुलै १९५७ ला तिथल्या जत्रेत जॉन वाजवत होता आणि त्या दिवशी पॉलशी त्याची ओळख झाली.

माझा जीव मात्र जॉर्ज हॅरिसनवर. जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन बसला होता. 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत तिथलंच. त्याचं जन्मघर, १२, अर्नॉल्ड ग्रोव्ह, अगदी लहान बोळात आहे. २०२४ मध्ये त्यावर निळी पाटी लागली. ते संग्रहालय नाही, आणि बोळात माणसं संसार करतात. खिडक्यांत डोकावू नका, दार वाजवू नका, टोळक्यानं गाणी म्हणू नका. पेनी लेनवरही हेच.

आणि मग ती दोन घरं. आत शिरण्यापूर्वी कॅमेरे, फोन, बॅगा जमा कराव्या लागतात. पॉलचं घर नगरपालिकेनं भाड्यानं दिलेलं, साधं. भिंतींवर त्याच्या भावानं, माइकनं, काढलेले फोटो आहेत. आई १९५६ मध्ये गेली होती, बाप कामावर असायचा, आणि पुढच्या खोलीत ही दोन पोरं शाळा बुडवून समोरासमोर गिटारी घेऊन बसायची. जॉनचीही आई १९५८ मध्ये मेंडिप्सजवळच मोटारीखाली गेली. मिमीला घरात आवाज खपत नसे, म्हणून ती पोरांना समोरच्या पोर्चमध्ये पिटाळायची, आणि तिथल्या फरश्यांवरून घुमणारा आवाज त्यांना आवडायचा. त्या पोर्चमध्ये दोन माणसं जेमतेम मावतात. गेली कित्येक वर्षं मी जे ऐकत आले त्याची सुरुवात एवढ्या जागेत झाली, हे पुस्तकात वाचून मला कधी कळलं नसतं. म्हणूनच बाकी सगळं या दोन घरांच्या तारखेभोवती रचा, असं मी एवढ्या आग्रहानं सांगते आहे.

परतीचा विचारही याच आखणीत हवा. विमान लंडनहून असेल तर त्याच दिवशी लिव्हरपूलहून निघू नका. ब्रिटनमध्ये रविवारी रुळांची कामं काढतात, गाड्या रद्द होतात, मधल्या टप्प्याला बस देतात. स्वस्त अ‍ॅडव्हान्स तिकीट नेमक्या त्याच गाडीचं असतं. रेल्वेनंच ती रद्द केली तर पुढची चालते, आपल्यामुळे चुकली तर नवं काढावं लागतं. एक रात्र आधी लंडनला पोचा. पासपोर्टचं काही झालं तर थेट लंडन गाठायची गरज नाही. मार्च २०२५ मध्ये मँचेस्टरला भारतीय वकिलात सुरू झाली आहे आणि लिव्हरपूलहून ती रेल्वेनं तासाभराच्या आत आहे. तिचा पत्ता आणि फोन नंबर त्याच छापील कागदावर लिहा, आणि तो कागद फोनजवळ ठेवू नका.