खारबांधाची निगा : पेण-रोहे भागांतील शेतकऱ्यांस कांहीं सूचना

पेण व रोहे ह्या तालुक्यांतील खाडीकांठची भातशेती एका मातीच्या बांधावर अवलंबून आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. धरमतरच्या खाडीचें आणि कुंडलिकेच्या मुखाकडून चढणारें भरतीचें पाणी हा बांध अडवितो. तो शाबूत आहे तोंपर्यंत खाजणाचें शेत होतें. तो फुटला कीं शेताचें पुन्हां खाजण होतें. असें असूनही बियाणें, खत व बाजारभाव ह्यांविषयीं जितकी चर्चा आमच्या शेतकरी मंडळींत होते, तिच्या चतुर्थांशही बांधाविषयीं होत नाहीं. म्हणून ह्या अंकीं त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

बाहेरकांठा हा खाडीच्या बाजूचा मुख्य बांध होय. पावसाचें पाणी निघून जावें म्हणून त्यांत ठिकठिकाणीं उघाडी ठेवलेली असते. तिचीं दारें ओहोटीस आंतल्या पाण्याच्या दाबानें उघडतात व भरतीस खाडीच्या दाबानें मिटतात. एवढ्या साध्या युक्तीवर सारें गणित चालतें. आपल्याकडे वर्षास 2,500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो जमिनींतील क्षार धुवून काढतो, उघाडी तें पाणी खाडींत सोडते आणि बांध खारें पाणी परत येऊं देत नाहीं. दारांत एखादा ओंडका अडकला, अथवा मासळी धरण्यासाठीं कोणी दार उघडें ठेविलें, तर बांध धड असूनही शेत खारटतें.

खांड एका दिवसांत पडत नाहीं. तिचा आरंभ बहुधा खेकड्याच्या अथवा उंदराच्या बिळापासून, किंवा बांधाचा माथा खचून सखल झालेल्या जागेपासून होतो. भरती-ओहोटी दिवसांतून दोन वेळां होते. म्हणून पाणी त्या वाटेनें दोन वेळां आंत व दोन वेळां बाहेर जातें आणि प्रत्येक वेळीं माती नेतें. आज टोपलीभर चिखलानें बुजणारें भोंक एक-दोन उधाणांनंतर होडी जाईल एवढें होतें. खारें पाणी काय करतें ह्याचा हिशेब करून पाहावा. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें 35 ग्रॅम क्षार असतात. असें 10 सेंटिमीटर पाणी एक एकरांत शिरून तेथेंच आटलें, तर मागें सुमारें 14 टन क्षार राहतात. इतकें मीठ धुवून काढण्यास एक पावसाळा पुरेलच असा भरंवसा नाहीं.

हें जाणूनच पूर्वजांनीं बांधाची व्यवस्था लावून दिली होती. पेण भागांत शिलोत्री नांवाची वहिवाट होती. तींत बाहेरकांठा राखणारास त्या कामाबद्दल शेतकऱ्यांकडून धान्य मिळे. खारेपाटांत एका बांधाआड जमीन असणारे सर्व जण मिळून श्रमानें बांध राखीत, ह्यास जोळ म्हणत. खोत-सावकारांच्या जुलमाविरुद्ध चरी येथें 1933 सालीं सुरू झालेला कुळांचा संप 1939 पर्यंत चालला. पुढें 1948 चा कूळकायदा आला, आणि 1 एप्रिल 1957 हा कृषिदिन मानून कसणारास जमिनीची मालकी देण्यात आली. हें न्याय्यच झालें. परंतु जमीन कुळांच्या नांवें वांटली गेली तशी बांधाची जबाबदारी कोणाच्या नांवें चढली नाहीं. सरकारनें 1948 सालीं खारजमिनींचा कायदा केला, त्यानंतर महाराष्ट्र राज्याचा खारजमीन विकास अधिनियम 1979 सालीं झाला, आणि खारभूमि खात्याचें कार्यालय पेण येथें आहे. तेव्हांपासून बांध म्हणजे सरकारचें काम, अशी समजूत गांवोगांव रुजली आणि जोळ मोडली. सरकारास अंदाजपत्रक, मंजुरी व निविदा ह्यांवांचून हात हालवितां येत नाहीं. भरती मात्र मंजुरीसाठीं थांबत नाहीं. आमच्या मतें सारें नुकसान ह्या दोहोंमधील अंतरांत होतें.

ह्या अंतराची किंमत आतां पूर्वीपेक्षां फार वाढली आहे. खांड उघडी राहिली कीं तिवराचीं बीजें पाण्याबरोबर आंत येऊन रुजतात आणि थोड्याच वर्षांत शेतावर कांदळवन उभें राहतें. मुंबई उच्च न्यायालयानें 17 सप्टेंबर 2018 च्या निकालानें कांदळवनाच्या तोडीस मनाई केली असून त्याभोंवतीं 50 मीटर पट्टाही राखावयाचा आहे. जमीन खासगी आहे एवढ्यानें ती सुटत नाहीं. हा निर्बंध अनाठायीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. बांधाबाहेरचीं तिवरें लाटांचा जोर मोडतात, म्हणून तीं शेतकऱ्याचीं मित्रच होत. परंतु बांधाच्या आंत उगवलेलें तिवर हें आपल्या हयगयीची खूण आहे, आणि तें वाढल्यावर सातबारावर नांव असूनही भात लावतां येत नाहीं. मुंबईजवळील नियोजित विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमिनी द्याव्या कीं नाहीं, ह्याविषयीं 21 सप्टेंबर 2008 रोजीं पेण तालुक्यांतील 22 गांवांत शेतकऱ्यांचा कौल घेण्यांत आला, व त्यांनीं मोठ्या संख्येनें विरोध नोंदविला. जी जमीन इतक्या निर्धारानें राखिली, ती एका खेकड्याच्या बिळावाटे जाऊं द्यावी काय?

आतां उपाय. पहिली गोष्ट अशी कीं, आपला बांध सरकारी योजनेंत आहे कीं खासगी आहे, हें प्रत्येक गांवानें खारभूमि कार्यालयांत विचारून लेखी घ्यावें. दुसरी, बांधाचे भाग पाडून प्रत्येक भाग कांहीं घरांकडे नेमून द्यावा, आणि प्रत्येक अमावास्या व पौर्णिमेच्या उधाणानंतर त्यांनीं तो पायीं फिरून पाहावा. बिळें, माथ्यावरील खळगे, मालवाहू बार्जेसच्या लाटांनीं धुपलेली बाजू व उघाडीचीं दारें हीं विशेष पाहावीं. तिसरी, डागडुजी अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या भरतींत करावी. त्या वेळीं पाणी कमी चढतें. चिखल बांधाच्या पायथ्याशीं खणूं नये, तसेंच तिवरांच्या मुळांतूनही काढूं नये. चौथी, खांड मोठी असल्यास त्याच दिवशीं तलाठी व खारभूमि कार्यालय ह्यांस लेखी कळवून पोंच घ्यावी आणि पंचनाम्याचा आग्रह धरावा. पांचवी, 2021 सालापासून सुरू झालेली ई-पीक पाहणी दर हंगामांत न चुकतां नोंदवावी. येथें अमुक सालापर्यंत भात होत होतें, ह्याचा तोच पुढें पुरावा होईल.

खांड बुजविल्यानंतर पहिल्या पावसांत शेतांत पाणी सांठवून तें उघाडीनें सोडावें आणि असें वारंवार करावें. रोपें गोड्या जमिनींत तयार करून जरा जून झाल्यावर, एका चुडांत तीन-चार काड्या घेऊन लावावीं. जातींमध्यें पनवेल येथील खारभूमि संशोधन केंद्राच्या पनवेल-1, पनवेल-2 व पनवेल-3 ह्या क्षार सोसणाऱ्या आहेत. जुन्या जातींपैकीं काळा राता व भुरा राता ह्यांचाही तोच गुण आहे. कापणीनंतर जमीन उघडी तापूं दिल्यास खालचे क्षार वर चढतात. म्हणून शक्य तेथें लगेच नांगरट करावी, किंवा पेंढ्याचें आच्छादन घालावें.

ह्या कामास मोठें भांडवल लागत नाहीं. लागते ती एकी. एका बांधाआड शंभर खातेदार असले तरी खाडीस ते एकच खातेदार आहेत, कारण कोणाच्याही वांट्याला खांड पडली तरी पाणी सर्वांच्या शेतांत शिरतें. सरकारकडे मागणी अवश्य करावी, पण मागणीच्या उत्तराची वाट पाहतांना बांधावरची फेरी थांबवूं नये. येत्या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक खारगांवानें बैठक भरवून आपल्या बांधाचे भाग वांटून घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.