उन्हात ससे का फळत नाहीत?

प्रश्न : आर्वीजवळ राहतो. तीन माद्या, एक नर आहे. एप्रिलपासून मादी गाभण राहत नाही. काय चुकतं?

उत्तर : माद्यांना दोष देऊ नका, बहुधा आपलं वर्ध्याचं ऊनच नडतंय. पारा तिशीपलीकडे टिकून राहिला की नराचं बीज दुबळं होतं. आपल्याकडे मेमध्ये तो ४५ अंशांजवळ जातो. उन्हं उतरल्यावरही सावरायला दीडदोन महिने लागतात. तोवर पिंजरे कडुनिंबाखाली हलवा, बाजूला ओली पोती टांगा.

पुढे मादीलाच नराच्या पिंजऱ्यात न्या. स्वतःच्या जागेत ती नराला चावते. गाभणकाळ साधारण ३१ दिवस. २८व्या दिवशी गवताचा खोका ठेवा. ती पोटाचे केस उपटू लागली तर घाबरू नका, पिलांचं अंथरूण आहे ते! आणि नवा नर हवा म्हणून शेतातला रानससा मात्र धरू नका. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, शिवाय पाळीव मादीशी त्याचा संकर होतच नाही.